सावंत म्हणजे नेमके कोणते सावंत?

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुडाळच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "सरावासाठी जुन्या अंकांची चळत वाचायला घेतली. 'सावंत' हे नाव राजकारणात, क्रीडा पानावर, निधनवार्तांत, शेतीच्या बातमीत, सगळीकडे भेटलं. हे सगळे एकमेकांचे कोणी लागतात का? नसतील, तर कोणते सावंत हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं आणि लिहिणाऱ्याने सांगायचं कसं? आजोबांच्या कात्रणवहीत 'सावंत यांचा शपथविधी' असं एक कात्रण आहे. पूर्ण नाव फाटून गेलंय, कडेला पेन्सिलीने १९६३ लिहिलंय. ते कोण असावेत?"

मी एकतीस वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. आधी बाहेरून येणारी कॉपी, म्हणजे बातम्यांचा मजकूर, तपासायला, नंतर पानं लावायला. या एका आडनावाने मला जेवढं काम शिकवलं तेवढं कुठल्याही वरिष्ठाने शिकवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नात्याचं. बहुतेक वेळा कोणी कोणाचं लागत नाही. 'सामंत' या शब्दाचं मराठीत 'सावंत' झालं. ग्राम-गाव, नाम-नाव, कुमार-कुंवर यांत जो 'म'चा 'व' झाला तोच इथे. सामंत म्हणजे मांडलिक, सरदार. हे मुळात कुळाचं नाव नव्हे, हुद्द्याचं. हुद्दा जिथे जिथे दिला गेला तिथे तिथे ते नाव उगवलं. कोकणात, घाटावर, गोव्यात, एकाहून अधिक समाजांत. त्यामुळे एकाच आडनावाची दोन माणसं पाहिली की नातं जोडायची सवय सोडा. उलट खरी नाती पुष्कळदा वेगळ्या आडनावांच्या आड असतात. सदू शिंदे हे भारताकडून १९४६ ते १९५२ या काळात सात कसोटी खेळलेले लेगस्पिनर. शरद पवार यांच्या पत्नी प्रतिभाताई या त्यांच्या कन्या. क्रीडा पान आणि राजकारणाचं पान इथे खरोखर एका घरात येतात, पण मथळ्यातल्या 'शिंदे' आणि 'पवार' या शब्दांवरून ते कोणाला कळेल?

आता नाव किती ठिकाणी येतं ते पाहा. २०१९ हे एकच वर्ष घेतो, कारण त्या वर्षी डेस्कवर आम्ही अक्षरशः भिंतीला कागद चिकटवून नावं लिहून ठेवली होती. जानेवारीत राज्याचे आरोग्यमंत्री डॉ. दीपक सावंत यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये मनोहर पर्रीकर गेले आणि १९ तारखेच्या पहाटे डॉ. प्रमोद सावंत यांनी गोव्याच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मे अखेरीस दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत केंद्रात अवजड उद्योगमंत्री झाले. जूनमध्ये तानाजी सावंत राज्यात जलसंधारणमंत्री झाले, आणि २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. धरण खेकड्यांमुळे फुटलं, हे त्यांचं विधान तेव्हा राज्यभर गाजलं. नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत हिने दोह्याच्या आशियाई स्पर्धेत टोकियो ऑलिम्पिकचा कोटा मिळवला आणि जवळपास त्याच दिवसांत अरविंद सावंत यांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. म्हणजे पहिल्या पानावर 'सावंत', क्रीडा पानावर 'सावंत', शेजारच्या राज्याच्या बातमीत 'सावंत'. आणि आपल्या भागातल्या निधनवार्तांत तर रोज एक-दोन.

यातले दोन डॉक्टर. एक आरोग्यमंत्री होते, दुसरे आयुर्वेदाचे पदवीधर मुख्यमंत्री. म्हणून 'डॉ. सावंत' एवढं लिहून भागत नाही. पद लिहिलं तरी भागतं असं नाही. 'आरोग्यमंत्री सावंत' म्हटलं तर १९८०च्या दशकात भाई सावंत, २०१४ नंतर दीपक सावंत, २०२२ नंतर तानाजी सावंत. तिघांनीही तेच खातं सांभाळलेलं. जुन्या अंकाचं कात्रण कोणी आज पुढे पाठवलं आणि त्यावर तारीख नसली, तर वाचणारा कोणत्याही सावंतांवर रागावू शकतो.

आणि मूळ शब्द 'सामंत', तो तर आमच्या रत्नागिरीत जिवंत आहे. २०२२ ते २०२४ या काळात एकाच मंत्रिमंडळात उद्योगमंत्री उदय सामंत आणि आरोग्यमंत्री तानाजी सावंत. रत्नागिरीचे पालकमंत्री सामंत, रुग्णालयाचं खातं सावंतांकडे. जिल्हा रुग्णालयाच्या एका बातमीत दोघंही येणारच. पावसात रेंज नाही, वार्ताहर फोनवर ओरडून बातमी सांगतोय, इकडे लिहून घेणारा 'म' ऐकतो की 'व', यावर कोणी काय आश्वासन दिलं हे ठरायचं. आम्ही नियम केला होता : फोनवर आडनाव एकटं घ्यायचं नाही. 'उदय सामंत', 'तानाजी सावंत' असं दरवेळी पूर्ण म्हणायला लावायचं. गिरणी संपाच्या काळात, १९८२ साली, ज्यांनी काम केलं ते वडीलधारे सहकारी सांगत की 'डॉ. सामंत' आणि 'डॉ. सावंत' ही गफलत तेव्हाही व्हायची. कोकणातल्या घराघरात गिरणीकामगार होते, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत काय म्हणाले हे गावात लोक एकमेकांना वाचून दाखवत. तिथे एक अक्षर चुकणं परवडणारं नव्हतं.

वाचणाऱ्याने ओळखायचं कसं, हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत आवडलेला भाग. माझं उत्तर : नावाकडे नको, नावाला काय चिकटलंय त्याकडे बघा. 'सावंत यांनी' असेल तर राजकारण, न्यायालय, साहित्य किंवा निधनवार्ता. 'सावंतने', 'सावंतचा' असेल तर मैदान. 'सावंत याने', 'सावंत याला' असेल तर पोलीस ठाणं. 'सावंतांनी' असा मोकळा प्रत्यय असेल तर बहुधा लेख किंवा सदर. वृत्तपत्रांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या पाळलंय. त्यामुळे मराठी वाचकाला चार शब्दांत पान कळतं. एकच आडनाव तीन पानांवर तीन वेगळे मान घेऊन वावरतं.

यातली एक गोष्ट मला कधीच पटली नाही, आणि डेस्कवर असताना मी ती बदलायला लावली. पुढाऱ्याला अटक झाली की 'सावंत यांना अटक', गवंड्याला झाली की 'सावंत याला अटक'. गुन्हा दोघांचाही सिद्ध झालेला नसतो. आम्ही आमच्या पानांवर सगळ्या संशयितांना 'यांना' लिहायला सुरुवात केली, तेव्हा आतूनच विरोध झाला. चोराला कसला मान, म्हणाले. चोर आहे हे ठरवणारे आपण नव्हे, एवढंच माझं म्हणणं होतं.

प्रत्यय वाचायला शिका, पण ते कुठे फसवतात तेही माहीत असू द्या. 'सावंतने सुवर्णपदक पटकावले' या वाक्यात खेळाडू बाई की पुरुष हे दिसतच नाही, क्रियापद पदकामागे जातं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेम धरायच्या) प्रकारात जागतिक विजेती झाली. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. त्या मोठ्या बातमीचा मथळा नुसता 'सावंतला सुवर्ण' असा झाला असता, तर त्यातलं निम्मं महत्त्वच गळून पडलं असतं. दुसरा फसवा प्रकार म्हणजे 'णार'. 'सावंत राजीनामा देणार'. लिंग नाही, वचन नाही, मान नाही, काही नाही. मथळा लिहिणाऱ्याला 'णार' फार प्रिय, कारण कमी जागेत बसतं. नेमकं त्याच जागी नाव सर्वांत उघडं पडतं.

जागेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'सावंत', 'राणे', 'नाईक', 'राऊत', 'कदम', 'परब', ही आडनावं मथळ्यात पुन्हा पुन्हा दिसतात याला त्या माणसांचं कर्तृत्व जितकं कारण, तितकंच त्यांची लांबीही. सिंगल कॉलममध्ये मोठ्या टायपात एका ओळीत सात-आठ अक्षरं बसतात. तीन अक्षरांचं नाव असलं की पहिलं नाव वगळून आडनाव ठेवायचा मोह होतोच. लांब आडनावाच्या माणसाचं मथळ्यात पद येतं, आडनाव आत बातमीत जातं. छोट्या आडनावाचं उलट. कागदावर ते चालून जायचं, कारण पान सोबत असायचं. क्रीडा पान उघडलेल्या माणसाला सावंत कोण हे सांगावं लागत नव्हतं. आता मथळा एकटाच फोनवर जातो. पान मागे राहतं, तारीख मागे राहते, डेटलाइन, म्हणजे बातमी कुठून आली ते गाव, मागे राहतं. म्हणून कागदासाठी जो मथळा ठीक होता तो फोनसाठी तसाच सोडू नका. एक शब्द जास्त जाऊ द्या. 'गोव्याचे मुख्यमंत्री', 'नेमबाज', 'खासदार'. तेवढ्याने काम होतं.

शोधतानाही हेच. 'सावंत' टाकलंत की सावंतवाडी येणार, सावंतवाडी टर्मिनसच्या मागण्या येणार, लाकडी खेळणी आणि गंजिफा (जुने गोल पत्ते) येणार. दापोलीचं कृषी विद्यापीठ येणार, कारण १८ मे १९७२ला स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव दिलं गेलं. मग आंब्याच्या तुडतुड्यावर काय फवारायचं याची बातमीही 'सावंत' या शब्दाखाली सापडते. आणि माणसं 'सावंत' या रूपात थोडीच असतात? 'सावंतांचा', 'सावंतांकडे', 'सावंतसाहेब'. जुनं काही हुडकायचं असेल तर पद, गाव आणि साल सोबत घ्या, प्रत्यय लागलेली रूपंही टाकून बघा.

एक न्यायमूर्ती मात्र या सगळ्या पानांना जोडतात. न्या. पी. बी. सावंत १९८९ ते १९९५ सर्वोच्च न्यायालयात होते. क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे, दूरदर्शनने की आयोजकांनी ठरवलेल्या वाहिनीने, या वादात १९९५ साली आलेला निकाल त्यांनी लिहिला. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असं त्यात म्हटलं आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेचं प्रकरण, म्हणजे क्रीडा पान. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा निकाल, म्हणजे पहिलं पान. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्या धंद्याचंच पान. अशा माणसाची बातमी नुसत्या 'सावंत' या मथळ्याखाली कुठल्या पानावर लावाल? तिथे 'न्या.' हे एक अक्षर वगळणं म्हणजे बातमी हरवणं.

आता गावाकडे येतो, कारण खरी इजा तिथे होते. मंत्र्याचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस फोन करतो, दुरुस्ती होते. गावातल्या माणसाला कोण विचारतं? आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची असते. पहिली नावंही आजोबांची नातवाला. त्यामुळे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही जुळणारे दोघे एकाच गावात सापडतात. गाव त्यांना बरोबर ओळखतं : वरच्या घरचे, खालच्या घरचे, तिठ्यावरचे, गिरणीवाले. बातमीत यातलं काहीच येत नाही.

२००६च्या पावसाळ्यात एका पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी आमच्याकडे आली. मी त्या रात्री डेस्कवर होतो. वार्ताहराने नाव आणि गाव दिलं होतं, वडिलांचं नाव नाही, वय नाही, वाडी नाही. मी विचारलं नाही. आवृत्ती सुटायला वेळ थोडा होता. तिसऱ्या पानावर तीन कॉलम लागली. त्या गावात त्याच नावाचे दुसरे गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले प्राथमिक शिक्षक. मुलीचं लग्न ठरत होतं. दोन दिवसांनी ते पहिल्या एसटीने कार्यालयात आले. छत्री बाहेर ठेवली, अंक टेबलावर उघडला, बातमीवर बोट ठेवलं. आवाज चढवला नाही. आम्ही चार ओळींचा खुलासा छापला, सहाव्या पानावर, खाली. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला : "बातमी तिसऱ्या पानार होती मा? मगे ह्यां सहाव्या पानार कित्याक?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर, त्याच जागी, चौकटीत तो पुन्हा छापून घेतला, त्यासाठी वरती भांडलो. लग्न झालं की मोडलं हे मी कधी विचारलं नाही, विचारायचा धीर झाला नाही. तेव्हापासून गुन्ह्याच्या बातमीत नाव, वडिलांचं नाव, वय, वाडी आणि व्यवसाय, हे पाचही नसतील तर नावच छापायचं नाही, 'एकाला अटक' एवढंच, असा दंडक मी निवृत्तीपर्यंत पाळला. बातमी शिळी झाली तरी चालेल. गावात दुसरं कोणी त्या नावाचं आहे का, हे पोलीस पाटलाला विचारायला दोन मिनिटं लागतात.

निधनवार्तेत तीच काळजी दुसऱ्या कारणाने. मुंबईला चाकरमानी असलेला मुलगा किंवा भाऊ फोनवर बातमी वाचतो आणि रात्रीची गाडी पकडतो. वाडी आणि घराचं नाव घाला. माणूस ज्या नावाने हाक मारला जायचा ते नावही घाला. तात्या, आबा, बाबी, काहीही असो. गाव त्याला तेवढ्यानेच ओळखतं.

क्रीडा पानाबद्दल थोडक्यात. गावच्या कबड्डी आणि टेनिस बॉल स्पर्धांच्या बातम्यांत वार्ताहर फक्त आडनावं पाठवतात. धावफलकात 'झे. सावंत गो. सावंत' आणि फलंदाजही सावंत, असं मी स्वतः पाहिलंय. त्या पोरांच्या घरी ते कात्रण भिंतीवर लागतं. पहिलं नाव नसेल तर कोणाचं म्हणून लावायचं? पहिलं नाव मागून घ्या.

नावाच्या सारखेपणाचं वजन किती, हे कोकणाने मतपेटीतही पाहिलंय. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पराभव झाला. त्याच मतदारसंघात सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष उभे होते, त्यांना साडेनऊ हजारांहून अधिक मतं पडली. पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचं छायाचित्र लावायचा आदेश काढला, तो अशाच देशभरच्या प्रकारांमुळे. मतदाराला छायाचित्राची सोय झाली. आपल्या वाचकाला मात्र आपण लिहू तेवढीच ओळख मिळते. आणि बातमीला छायाचित्र लावणार असाल तर ते जुन्या साठ्यातून नुसतं आडनावाने उचलू नका. 'सावंत' या फोल्डरमध्ये कोण कोण असतं ते वर सांगितलंच.

सावंतवाडीच्या संस्थानाचा इतिहास चाळलात तर हीच अडचण राजघराण्यातही दिसेल. खेम सावंत एक नव्हेत, अनेक. फोंड सावंतही तसेच. इतिहासकारांनी त्यांना क्रमांक दिले. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ असं लिहिलं की गोंधळ मिटतो. बातमीत क्रमांक देता येत नाही. आपल्याकडे पद, गाव, वय आणि तारीख आहे, तेच आपले क्रमांक.

राहिलं आजोबांचं कात्रण. १९६३ आणि 'शपथविधी' एवढ्यावरून बांधता येतं. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी परशुराम कृष्णाजी सावंत हंगामी मुख्यमंत्री झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला वसंतराव नाईक आले, म्हणजे जेमतेम दहा दिवस. पी. के. सावंत आपल्याच भागातले, चिपळूणचे. दापोलीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते बाळासाहेब सावंत हेच. कात्रणाच्या दुसऱ्या बाजूला काय छापलंय ते बघा. कन्नमवारांच्या शोकसभांचा उल्लेख किंवा नोव्हेंबरची एखादी तारीख सापडली तर शंका उरणार नाही. मग आजोबांच्या पेन्सिलीखाली तुम्ही पेनाने पूर्ण नाव आणि 'चिपळूण' लिहून ठेवा.